पुसेगावच्या पुढे घर बांधायचंय : माती, वीट की पांढरा ब्लॉक?

ओसरी (धागाकर्ती) | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यात, पुसेगावच्या थोडं पुढे आमचं गाव. आजोबांच्या वेळचं धाब्याचं घर आहे. दगडाचं जोतं, त्यावर भेंड्यांच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) दीड हात जाड भिंती, बाभळीच्या तुळया आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गेल्या पावसाळ्यात माजघरावरची एक तुळई वाळवीनं पोखरल्याचं कळलं. कळलं म्हणजे जेवताना माती ताटात पडली तेव्हा. दुरुस्त करू म्हटलं तर माळवदाचं काम जाणणारा माणूस पंचक्रोशीत उरलेला नाही. त्यामुळे उतरवून नवं बांधायचं ठरलंय. साधारण ९०० चौरस फूट, नुसता तळमजला. आई-बाबा कायम राहणार, आम्ही येऊन-जाऊन.

शेजारी चुलत्यांनी सात-आठ वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं. दिसायला झकास. पण एप्रिल-मेमध्ये त्या घरातली सगळी माणसं दुपारी झोपायला आमच्या पडक्या घरात येतात. रात्री अकराला त्यांच्या छताला हात लावून पाहिला (स्टुलावर चढून, हो), तर चुलीवरून नुकता उतरवलेला तवा!

ठेकेदार म्हणतो, एएसी ब्लॉक (ते पांढरे, वजनाला हलके) घ्या, थंडगार राहतं. भाऊ म्हणतो भाजकी वीट. मला मातीत काही करता येईल का ते बघायचंय. आणि आईचा मातीला ठाम विरोध : "सारवून सारवून माझं गुडघं गेलं, आता पैसं दिऊन परत मातीच आणताय व्हय?"

जाणकारांनी सांगा. बजेट बेताचं आहे, एसी लावायचा नाहीये.

तिरकस | ९ फेब्रुवारी

सोपं आहे. चुलत्यांच्या घरात राहा आणि झोपायला जुन्या घरात जा. तेही तेच करतायत.

कृष्णाकाठ | १० फेब्रुवारी

ताई, मी मिरजेत बांधकामाची कामं बघतो. सगळे भिंतीपासून सुरुवात करतात, तुम्हीही केलीत. आधी जोत्याखाली काय आहे ते सांगा. काळी की मुरूम?

आमच्या मिरज-वाळवा भागात काळी खोल आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत अख्खा हात जातो. तिच्यावर साध्या पायाचं घर ठेवलं की भिंत कसलीही असो, दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि दोष ब्लॉकला लागतो. तिथे एक तर काळी काढून मुरूम भरायचा, नाहीतर खाली फुगवटा असलेल्या पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर) घर उचलायचं. ही पद्धत रूरकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं) आपल्या काळ्या जमिनींसाठीच बसवली. तुमच्याकडे हाताच्या खोलीवर मुरूम लागत असेल तर तुम्ही नशीबवान.

दुसरं, छप्पर. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छपरातून आत येतं. आपण साडेसतरा अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो (तोच शून्य सावलीचा दिवस), ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा, पण तेव्हा ढग असतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला दुपारी ऊन जवळजवळ लागतच नाही. मार खातात ते छप्पर, आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंत. चुलत्यांचा तवा तिथूनच तापतो. त्यांनी भिंती कशाच्या केल्यात, याचा त्याच्याशी फार संबंध नाही.

त्यांना तोवर एवढं सांगा : मार्चमध्ये गच्चीवर चांगल्या चुन्याचे दोन-तीन हात मारा. पांढरं उन्हाला परतवतं. दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च किरकोळ.

मेघना_वाई | १० फेब्रुवारी

पाडायची घाई करू नकोस गं. निदान काय काय वाचतं ते बघ. जोत्याचा घडीव दगड, चौकटी, कोनाड्यांची लाकडं. आता असा दगड घडवून घ्यायला गेलीस तर पाथरवटाची मजुरी ऐकून चक्कर येईल.

आमचा वाईतला वाडा. वीस वर्षांपूर्वी आम्ही मोठा शहाणपणा केला : भेंड्यांच्या भिंतींना ओल येते म्हणून बाहेरून आतून सिमेंटचा गिलावा. पहिली दोन वर्षं इतकं गुळगुळीत की लोक बघायला यायचे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर हात मारला की पोकळ आवाज. मग एके दिवशी पलंगाएवढा पापुद्रा सुटून खाली आला, आणि मागची भिंत बघितली तर भेंडे चिखल झालेले. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगानं सोडून देते. आम्ही तिला प्लास्टिकचा सदरा घातला होता.

नंतर सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला. कळीचा चुना आणून हौदात विरवला, महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवला. वाळू आणि विटांची भुकटी, थोडं हिरड्याचं नि गुळाचं पाणी. गवंडी ज्येष्ठ होते, सत्तरीच्या पुढचे. तरुण पोरांचं रोज एकच : "काकू, यात दोन घमेली सिमेंट टाकतो, लवकर सेट होईल." मी खुर्ची टाकून बसून राहिले, एकही घमेलं पडू दिलं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. बारा वर्षं झाली, फक्त एका कोपऱ्यात हात फिरवावा लागलाय.

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघितला नसशील तर एप्रिलच्या दुपारी जा. उन्हातून आत पाऊल टाकलंस की कळेल मी काय म्हणतेय.

गवंड्याचा_नातू | १० फेब्रुवारी

पांढऱ्या ब्लॉकबद्दल लिहितो, गेली सहा वर्षं तेच काम करतोय.

वाईट माल नाही. भाजक्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजन, आत सगळे हवेचे बुडबुडे, त्यामुळे ऊन आत यायला वेळ लागतो. वजन कमी म्हणून स्टील वाचतं. पण तो नाजूक आहे. विटेसारखा पाण्यात बुडवून लावायचा नसतो, अंगावर नुसता पाण्याचा हात. जोड पातळ, त्यासाठी वेगळा मसाला मिळतो. गावाकडचा गवंडी काय करतो? पाऊण इंच सिमेंट-वाळू आणि ब्लॉक भिजवून चिंब. मग तो सुकताना आकसतो आणि गिलाव्यावर कोळ्याचं जाळं. लाइटवाला छिन्नी-हातोड्यानं खाचा मारतो तेव्हा वेगळ्याच भेगा. खुंटी ठोकून पिशवी अडकवलीत तर दुसऱ्या दिवशी पिशवी खाली.

आणखी एक. दिवसा तापून रात्री गार होणारा तुमचा भाग आहे. तिथं जड भिंत दिवसभर ऊन पोटात ठेवते, रात्री खिडक्या उघडल्या की सोडून देते. ब्लॉकला ते पोट नाही. एसीच्या खोलीला किंवा एकट्या पश्चिमेच्या भिंतीला तो शोभतो.

पाटणचा_पाहुणा | ११ फेब्रुवारी

सगळे माती-दगडाचे गोडवे गातायत म्हणून मुद्दाम लिहितो.

११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. ते सांगतात, आधी गुरं ओरडली, मग भांडी, आणि मग घर आतल्या बाजूला बसलं. कोयनानगरच्या त्या भूकंपात मेलेली बहुतेक माणसं गोल दगड आणि मातीच्या भिंतींखाली सापडली. १९९३ला किल्लारीत तेच. तिथल्या माळवदांवर दर मृगाच्या आधी नवी माती टाकत टाकत हातभर-दोन हात थर झालेले, आणि खाली दोन फुटी दगडी भिंती, आतल्या नि बाहेरच्या दगडांना जोडणारा आरपार दगड नाही. हादऱ्यानं भिंत मधून उकलली आणि वरचं सगळं खाली.

कोयना परिसर २००२च्या भूकंप-नकाशावर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या विभागात. तुम्ही पूर्वेला आहात म्हणून निवांत राहू नका. किल्लारी तर भूकंपाआधी सगळ्यात सुरक्षित विभागात धरलेली होती.

माती वापरा, दगड वापरा, काही म्हणणं नाही. पण जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली असे काँक्रीटचे पट्टे घराला कंबरपट्ट्यासारखे अखंड फिरले पाहिजेत. कोपऱ्यात उभी सळई. मातीच्या घरांसाठी भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस १३८२७. आणि छप्पर हलकं ठेवा.

ओसरी | ११ फेब्रुवारी

पाटणचा_पाहुणा, अंगावर काटा आला. पट्टे नक्की.

कृष्णाकाठ, विहीर खणलेली आठवून बाबांनी सांगितलं : दीड फूट बरड, खाली तांबूस मुरूम. मग नशीबवान का आम्ही? आणि त्या मुरमाचं काही होईल का? आमच्याच रानात निघतोय.

मेघनाताई, जोत्याचा दगड ठेवणार म्हणजे ठेवणार. चौकटीही.

कृष्णाकाठ | १२ फेब्रुवारी

होईल की! दाबलेले मातीचे ठोकळे करा. न भाजता, हाताच्या यंत्रात दाबून. पाँडिचेरीजवळ ऑरोव्हिलला आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत यावर अनेक वर्षं काम झालंय, आयएस १७२५ हे त्याचं मानक. साधी काळी माती यात चालत नाही, मुरमाड चालते.

आधी बरणीची चाचणी. उभी काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळाखळा हलवा आणि एक दिवस हात लावू नका. तळाला वाळू, मग गाळ, सगळ्यात वर चिकणमाती बसेल. ऑरोव्हिलवाले ठोकळ्यासाठी साधारण १५ टक्के खडी, ५० वाळू, १५ गाळ आणि २० चिकण असं प्रमाण चांगलं धरतात. चिकण जास्त आली तर क्रशरची वाळू मिसळायची. सिमेंट पाच टक्क्यांच्या आसपास. दहा किलोचा ठोकळा धरला तर एका पोत्यात शंभर निघतात.

छपरासाठी फिलर स्लॅब विचारात घ्या. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट सळईला धरून ठेवण्यापलीकडे विशेष काम करत नाही, नुसतं वजन. तिथे सळयांच्या चौकोनांत मंगलोरी कौलं जोडीनं उपडी ठेवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, कौलांमधल्या पोकळीनं ऊनही अडतं. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात हे वर्षानुवर्षं केलं. फक्त आराखडा स्ट्रक्चरलवाल्याकडून काढून घ्या आणि सज्जाच्या बाहेर आलेल्या भागात कौलं घालू नका.

वीटच हवी असेल तर त्यांनीच आपल्याकडे रुजवलेली उंदीरपिंजरा पद्धत आहे : विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, नऊ इंची भिंत मधून पोकळ. सुमारे पाव विटा वाचतात. पण वीट मापाची लागते. आपल्या आव्यातली वीट एक चार इंची, दुसरी साडेतीन, तिसरी केळ्यासारखी वाकडी.

तिरकस | १२ फेब्रुवारी

म्हणजे मातीत सिमेंट, पट्ट्यात सिमेंट, स्लॅबमध्ये सिमेंट. मग हिरवं काय राहिलं? कौलाच्या मधली हवा?

कृष्णाकाठ | १२ फेब्रुवारी

प्रश्न खोचक आहे पण बरोबर आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, वर जळणाचा धूर वेगळा. भट्टी कितीही चांगली केली तरी पहिला भाग सुटत नाही. म्हणून जिथे भागतं तिथे कमी वापरायचं, आणि जिथे वापरू तिथे ते साठ-सत्तर वर्षं टिकवायचं. सिमेंटशिवाय घर बांधून दाखवेन असा माझा दावा नाही.

आणि इथे मला जरा बोलू द्या. दुकानात गेलं की सगळे "५३ ग्रेड द्या" म्हणतात, जणू पेट्रोलच. घरासाठी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक केंद्रांची राख असते, म्हणजे तेवढी चुनखडी भाजावी लागली नाही. सेट होताना कमी तापतं, गिलाव्याला भेगा कमी. बदल्यात पाणी जास्त दिवस मारावं लागतं. मानक सांगतं साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखेच्या सिमेंटला दहा. प्रत्यक्षात पाणी मारलं जातं तीन दिवस, चौथ्या दिवशी गड्याची बहीण माहेरी आलेली असते.

सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) ठेवा, खडीचा तुकडा नको. सांगली-मिरजेत मी पंचवीस वर्षांतच पोपडे सुटून सळया दिसणारे स्लॅब रोज बघतो. ते पाडून नवे घालायचे म्हणजे सिमेंट दोनदा. या नुकसानीसमोर ब्लॉक कुठला वापरला हे विचारण्यात अर्थ नाही.

हळद_बाजार | १३ फेब्रुवारी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि थोडं नदीकाठचं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या पलूस भागात घरांत पाणी दिवसेंदिवस उभं होतं. कच्च्या मातीच्या भिंती विरघळून बसल्या, ज्यांच्या होत्या त्यांना विचारा मातीचं प्रेम. आमचं घर विटेचं, ते उभं राहिलं. पण वास आणि ओल पुढची दिवाळी उलटली तरी गेली नाही. पूररेषेच्या आत कोणी हा धागा वाचत असेल तर कृपा करून ठोकळ्यांच्या नादी लागू नका. ओसरीताईंचा खटाव वेगळा, तिकडे पाऊस शोधावा लागतो.

विटेबद्दल भावाला सांगा : नदीकाठची वीट म्हणजे आमच्या मळ्याची वरची माती. ती भाजायला कोळसा नाहीतर बगॅस. एकदा वरचा थर गेला की त्या रानात ऊस चार-पाच वर्षं नुसता उभा राहतो, वाढत नाही. आम्ही दिलीय एकदा, पैशाच्या अडचणीत. म्हणून सांगतोय.

गवंड्याचा_नातू | १३ फेब्रुवारी

अवांतर : औष्णिक केंद्र जवळ नाही, त्यामुळे राखेच्या विटा लांबून आणाव्या लागतात. कारखान्याच्या बॉयलरची राख म्हणून कोणी स्वस्त विटा विकत असेल तर आधी पाच-सहा विटा रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी खांद्याच्या उंचीवरून टाकून बघा. आमच्या ओळखीच्या एकाच्या सकाळी बादलीतच राहिल्या, उचलताच आल्या नाहीत.

ओसरी | २१ फेब्रुवारी

बरणी झाली! वाळू-खडी मिळून निम्म्याहून बरीच जास्त, चिकण अगदी पातळ थर. कृष्णाकाठ यांनी फोटो बघून सांगितलं की चिकण कमी आहे, ओढ्याकाठची थोडी मिसळा. बाबांना एवढी मजा आली की त्यांनी घरातल्या सगळ्या लोणच्याच्या बरण्या भरून सात शेतांची माती ओळीनं मांडली. आई बोलत नाहीये. (दोघांशीही.)

ओसरी | पुढच्या वर्षी, १८ मार्च

धागा वर काढतेय. बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

घर झालं. जे झालं ते असं : जुन्या जोत्याचा दगड तसाच नव्या जोत्याला. पूर्व, दक्षिण, उत्तर भिंती मातीच्या ठोकळ्यांच्या. पश्चिमेला ठोकळे आणि बाहेरून दहा फुटी पडवी, कौलारू, म्हणजे भिंतीवर ऊनच येत नाही. ब्लॉक घेतला नाही. तीन पट्टे, कोपऱ्यात सळया. वर फिलर स्लॅब. कौलं गुरांच्या जुन्या गोठ्याची, घासून घेतली. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, तो दुकानातल्या फुटक्या फरश्यांचा.

आता जे चुकलं ते. यंत्र भाड्यानं आणलं. एप्रिलचा पहिला आठवडा आणि आमच्याकडचा वारा. पहिले सव्वातीनशे ठोकळे उघड्यावर रचले, संध्याकाळी पाणी मारू म्हणून. संध्याकाळपर्यंत कडा तडकल्या होत्या, दुसऱ्या दिवशी हातात भुगा. रडूच आलं. गवंड्याचा_नातू यांना फोन केला. ते म्हणाले, सिमेंट आहे ना त्यात, मग बाळंतिणीसारखं झाकून ठेवायला नको? मग प्रत्येक दिवसाच्या ठोकळ्यांवर भिजवलेलं बारदान, त्यावर उसाचं पाचट (पाचट कोरेगावहून ट्रॅक्टरनं आणलं). २८ दिवस भिजत ठेवले. त्यानंतरचे बहुतेक सगळे चांगले निघाले. बिघडलेले ओट्याखाली भरावात गेले.

दुसरी चूक : ठेकेदारानं मधेच काम सोडलं. "मातीच्या कामात माझं नाव खराब होईल," म्हणाला. दीड महिना काम बंद. शेवटी गावातलाच एक गवंडी, ज्यानं आयुष्यात असला ठोकळा पाहिला नव्हता, त्यानं दोन दिवसांत शिकून घेतलं आणि वर आम्हाला शिकवलं. खर्च? भावाच्या विटेच्या अंदाजापेक्षा थोडासा कमी, पण वेळ दीडपट. स्वस्त होईल म्हणून कोणी यात पडू नका.

आतून चुन्याचा हात, मेघनाताईंनी सांगितलेला. बाहेरून ठोकळे तसेच उघडे ठेवलेत, पावसाच्या बाजूला छज्जा अडीच फूट.

मेघना_वाई | १८ मार्च

शाब्बास गं पोरी. सिमेंटचं घमेलं पडू दिलं नाहीस ना चुन्यात?

ओसरी | १८ मार्च

एक पडलं. मी पुण्यात होते. ती भिंत मी तुम्हाला दाखवणार नाही.

पाटणचा_पाहुणा | १९ मार्च

पट्ट्यांचे फोटो टाका. कोपऱ्यातली सळई वाकवून पुढच्या भिंतीत किती आत नेली तेही.

तिरकस | १९ मार्च

आणि मुख्य प्रश्न राहिलाच. झोपायला कोण कुठे येतंय?

ओसरी | १९ मार्च

पाहुणे, रात्री टाकते, मोजून ठेवलंय.

तिरकस, उन्हाळा आत्ता कुठे लागतोय, मेमध्ये सांगेन. पण चुलते परवा दुपारी "घर बघायला" आले ते चहाच्या वेळेला उठले.

आणि आई. बाहेरच्या भिंतीचा तांबूस रंग बघून येणारा-जाणारा विचारतोच, काय हो, मातीचं का? तर ती पदर खोचून सांगते, "छे वो, इटाच हायत. पोरीनं रंग तसला दिलाय."

हळद_बाजार | १९ मार्च

हा हा. काकूंना नमस्कार सांगा. ते यंत्र भाड्यानं कुठून आणलंत, व्यनित कळवाल का? आमच्या मेहुण्याचं जतला बांधकाम काढायचंय, माळावर आहे, पुराची भीती नाही.